स्क्वीझ बॉक्स : अ‍ॅकॉर्डियनच्या खोक्यातली एक पूर्ण कारकीर्द

अमेरिकेचा विनोदी रॉक गायक आणि अ‍ॅकॉर्डियनवादक 'वीर्ड अल' यांकोविक याचे १९८३ ते २०१४ या काळातले चौदाही स्टुडिओ अल्बम आणि इकडेतिकडे विखुरलेल्या गाण्यांची पंधरावी तबकडी असा ऐवज 'स्क्वीझ बॉक्स' या संचात एकत्र मिळतो. आगाऊ मागणी नोंदवून २०१७ साली काढलेला हा संच सीडी आणि एलपी अशा दोन्ही रूपांत निघाला. त्यासोबत शंभर पानांचे सचित्र पुस्तक आहे आणि हे सगळे ठेवण्यासाठी अलच्या अ‍ॅकॉर्डियनची प्रतिकृती असलेले खोके आहे. दुसऱ्यांच्या गाजलेल्या चालींवर खाण्यापिण्याची, टीव्हीची आणि किराणा दुकानाची गाणी रचणाऱ्या माणसाचे काम सलग पंधरा तबकड्या ऐकवते का, हा या संचापुढचा खरा प्रश्न आहे. विनोदी गाणे दुसऱ्यांदा ऐकताना निम्मे शिळे झालेले असते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. हा संच त्या अनुभवाला बऱ्याच अंशी खोटे ठरवतो, आणि त्याचे श्रेय अलच्या विनोदापेक्षाही त्याच्या वाद्यवृंदाला अधिक जाते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी बाह्यरूपाविषयी. उत्कृष्ट संच-मांडणीचे ग्रॅमी पारितोषिक या खोक्याला मिळाले, आणि ते हाताळून पाहिल्यावर त्यात नवल वाटत नाही. स्वरपट्ट्या, भाता, बटणे असे सगळे दर्शनी भागावर आहे. वाद्य म्हणून त्याचा अर्थातच काही उपयोग नाही आणि साध्या फडताळात ते नीट बसत नाही, त्यामुळे जागेचा विचार आधी करावा. पुस्तकातली जुनी छायाचित्रे मात्र खरोखर मोलाची आहेत, कारण कुरळ्या केसांचा, मिशीवाला, चष्मा लावलेला तरुण हळूहळू कसा बदलत गेला हे त्यात दिसते. १९९८ साली डोळ्यांची शस्त्रक्रिया करून त्याने चष्मा सोडला आणि मिशीही काढली.

अल्फ्रेड मॅथ्यू यांकोविक याचा जन्म १९५९ सालचा. तो लॉस एंजेलिसजवळच्या लिनवूड या गावात वाढला. वयाच्या सातव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असताना संगीताच्या शिकवण्या विकणारा एक फिरता विक्रेता दारी आला. गिटार किंवा अ‍ॅकॉर्डियन असा पर्याय होता आणि आईवडिलांनी अ‍ॅकॉर्डियन निवडला. फ्रँकी यांकोविक हा त्या काळी अमेरिकेत 'पोल्काचा राजा' म्हणून ओळखला जाई; पोल्का म्हणजे दोन मात्रांच्या ठेक्यावरचे युरोपीय नाचाचे संगीत. त्याच्याशी या कुटुंबाचे कसलेही नाते नव्हते, पण त्याच आडनावाचा आणखी एक अ‍ॅकॉर्डियनवादक जगात असायला हवा, असे घरात ठरले. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर त्याचे तत्त्व आपल्या पेटीचेच आहे: भात्याच्या हवेने धातूच्या पत्त्या थरथरतात आणि स्वर निघतो. फरक हा की येथे उजवा हात पट्ट्यांवर चाल वाजवतो, डावा हात बटणांवर खर्ज आणि स्वरसंगती देतो, आणि भाताही त्याच हाताने ओढावा लागतो. एकटा माणूस त्यावर एका छोट्या वाद्यवृंदाचे काम करू शकतो. रॉकच्या जगाने मात्र ते वाद्य म्हाताऱ्यांच्या नाचाचे म्हणून केव्हाच बाजूला टाकले होते. अलच्या सगळ्या कारकिर्दीचा पाया या टाकून दिलेल्या वाद्यात आहे, कारण ते गळ्यात अडकवून रॉक गायचे म्हटले की गाणाऱ्याला पहिल्या सुरापासूनच वेगळे काहीतरी करणे भाग पडते.

डॉक्टर डिमेंटो या नावाने बॅरी हॅन्सन विनोदी गाण्यांचा रेडिओ कार्यक्रम करीत असे, आणि १९७६ साली त्याने अलची घरगुती ध्वनिफीत वाजवली. पुढे सॅन लुईस ओबिस्पो येथे वास्तुकला शिकत असताना, 'द नॅक' या गटाच्या 'माय शरोना'वरून केलेले 'माय बलोनी' हे गाणे अलने महाविद्यालयाच्या रेडिओ केंद्रासमोरच्या स्वच्छतागृहात मुद्रित केले, कारण तेथे आवाज चांगला घुमत असे. १४ सप्टेंबर १९८० रोजी डॉक्टर डिमेंटोच्या कार्यक्रमात क्वीन या रॉक गटाच्या गाण्यावरचे 'अनदर वन राइड्स द बस' प्रत्यक्ष सादर झाले तेव्हा ताल देण्यासाठी जॉन श्वार्ट्झ नावाचा तरुण अ‍ॅकॉर्डियनच्या रिकाम्या खोक्यावर हाताने ठोके देत होता. ते ध्वनिमुद्रण पहिल्या अल्बममध्ये आहे आणि आजही अंगावर येते. गाणे धावत सुटते, अल जवळजवळ ओरडतो, तोंडाने आणि हातांनी काढलेले विचित्र आवाज मध्येच फुटतात, आणि खोक्यावरचा ताल तसूभरही ढळत नाही. तो श्वार्ट्झ त्यानंतर दशकानुदशके अलचा ड्रमवादक राहिला. गिटारवादक जिम वेस्ट आणि बेसवादक स्टीव्ह जे हेही पहिल्या अल्बमपासून आहेत. कीबोर्डवादक रुबेन वाल्टिएरा १९९१च्या सुमारास आला. रॉकच्या इतिहासात इतका काळ न फुटलेले गट बोटांवर मोजण्याइतके निघतील.

पहिला अल्बम, खरे सांगायचे तर, पातळ आहे. प्रत्येक गाण्यात अ‍ॅकॉर्डियन पुढे असल्यामुळे विडंबन लगेच विडंबन म्हणून ओळखू येते आणि ऐकणारा निवांत होतो. दुसऱ्या अल्बमपासून, म्हणजे १९८४च्या 'इन थ्री-डी'पासून, खरा बदल झाला. निर्माता रिक डेरिंजर हा स्वतः नावाजलेला रॉक गिटारवादक होता, आणि त्याच्या देखरेखीखाली गटाने मूळ गाण्याची हुबेहूब नक्कल करण्याचा मार्ग धरला. मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'वरचे 'ईट इट' ऐकताना याचा प्रत्यय येतो. ड्रमचा पोत, बेसची चाल, गिटारचा कोरडा तुकडा असे सगळे इतके जवळचे आहे की शब्द सुरू होईपर्यंत कान फसतो, आणि मग पानातले संपवण्याचा आग्रह त्याच गंभीर आवाजात सुरू होतो. मुळात एडी व्हॅन हेलनने वाजवलेल्या तुकड्याच्या जागी डेरिंजरने स्वतः गिटार वाजवली आहे, आणि शेवटी ती गिटार फुटल्याचा आवाज येतो. हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेले आणि त्याला ग्रॅमी मिळाले. संच सलग ऐकणाऱ्याच्या लक्षात येते की हा नेमकेपणा हेच या विनोदाचे खरे हत्यार आहे. गाणे ढिसाळ वाजवले असते, तर शब्दांतला वेडेपणा केवळ पोरकट वाटला असता.

या संचात मला सर्वांत अधिक आनंद पोल्कांनी दिला. पहिला अल्बम आणि १९८८चा 'इव्हन वर्स' एवढे वगळता प्रत्येक स्टुडिओ अल्बममध्ये एक पोल्का आहे. त्यात त्या काळची गाजलेली गाणी एकामागोमाग गुंफून अ‍ॅकॉर्डियनवर, धावत्या दोन मात्रांच्या ठेक्यात, अतिशय उत्साहाने गायलेली असतात. येथे अल मूळ शब्दांना हातही लावत नाही. गंमत सगळी गतीत आणि आविर्भावात असते. 'इन थ्री-डी'मधल्या 'पोल्काज ऑन ४५'मध्ये डीप पर्पलचे 'स्मोक ऑन द वॉटर' आणि बीटल्सचे 'हे जूड' एकाच वरातीत चालू लागतात. १९९६च्या 'द ऑल्टरनेटिव्ह पोल्का'त नाइन इंच नेल्सचे 'क्लोजर' हे काळोखे, कामुक गाणे येते, आणि ज्या शब्दावर रेडिओवाल्यांनी आक्षेप घेतला असता त्या शब्दावर व्यंगचित्रपटातला आवाज बसवलेला आहे. २००३च्या 'अँग्री व्हाइट बॉय पोल्का'त त्या काळचे संतापलेले गट रांगेने येतात, आणि पापा रोच या गटाचे निराशेच्या टोकावरून ओरडून म्हटलेले शब्द लग्नातल्या नाचासारखे उड्या मारू लागतात. एका गाण्याच्या शेवटच्या सुरावरून दुसऱ्याच्या पहिल्या सुरावर जी उडी घेतली जाते तिच्याकडे नीट कान दिला, तर स्वरपट्टी कोठे बदलली, कोणत्या दोन मात्रांत अ‍ॅकॉर्डियनने पूल बांधला, हे ऐकू येते, आणि ही जुळवणी किती कसबाची आहे ते कळते. पंधरा तबकड्या क्रमाने ऐकताना या पोल्का त्या त्या वर्षांची दैनंदिनी होऊन बसतात. दोन पोल्का वेगळ्या वळणाच्या आहेत: 'यूएचएफ' या १९८९च्या अल्बममधल्या पोल्कात केवळ रोलिंग स्टोन्सची गाणी आहेत, आणि १९९३च्या 'अलापलूझा'मध्ये क्वीनचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' अथपासून इतिपर्यंत पोल्का म्हणून वाजवले आहे. दुसरा प्रयोग कागदावर जितका मजेदार वाटतो तितका कानाला वाटत नाही, कारण मूळ गाण्यातच इतकी वळणे आहेत की पोल्काला धक्का द्यायला जागा उरत नाही.

विडंबनगीतांनी अलला प्रसिद्धी दिली, पण प्रत्येक अल्बममधली जवळपास निम्मी गाणी त्याच्या स्वतःच्या चालींची आहेत. त्यांतल्या बऱ्याच गाण्यांत एखाद्या गटाचे एकच गाणे न घेता त्याची सगळी शैली उचललेली असते, आणि माझ्या मते संचाचा खरा गाभा तेथे आहे. 'डेअर टू बी स्टुपिड' हे १९८५चे गाणे डीव्हो या गटाच्या ढंगात आहे, आणि त्या गटाचा प्रमुख मार्क मदर्सबॉ यानेही त्याची मनापासून तारीफ केली. २००३च्या 'पूडल हॅट'मधील 'बॉब' हे गाणे बॉब डिलनच्या नाकातल्या आवाजात, माउथ ऑर्गनसह, अगदी गूढ कवितेसारखे उलगडत जाते. त्यातली प्रत्येक ओळ उलटसुलट सारखीच वाचता येते, हे लक्षात आल्यावर ऐकणारा थक्क होतो. त्याच अल्बमच्या शेवटी फ्रँक झप्पाच्या शैलीतले 'जीनियस इन फ्रान्स' हे जवळजवळ नऊ मिनिटांचे गाणे आहे. ताल, चाल आणि गायकी दर काही क्षणांनी उलटीपालटी होते आणि सुरुवातीची गिटार झप्पाचा मुलगा ड्वीझिल याने वाजवली आहे. 'हार्डवेअर स्टोअर'मध्ये नवीन उघडलेल्या दुकानातल्या वस्तूंची यादी एका दमात, एकावर एक चढवलेल्या आवाजांत म्हटली जाते. ते गाणे हेडफोन लावून ऐकावे, म्हणजे एकाच माणसाचे किती आवाज किती काटेकोरपणे जुळवले आहेत हे ध्यानात येते. १९९९चे 'अल्बुकर्की' अकरा मिनिटांहून मोठे आहे. एकदा ऐकायला विलक्षण, पुन्हापुन्हा ऐकायला थोडे थकवणारे.

कारकीर्द सरळ रेषेत वर गेली नाही, आणि अल्बम क्रमाने लावल्यामुळे हे चढउतार स्पष्ट ऐकू येतात. १९८६चा 'पोल्का पार्टी!' साफ आपटला, आणि तो ऐकताना कारण कळते: विडंबने घाईत उरकल्यासारखी वाटतात. दोन वर्षांनी जॅक्सनच्या 'बॅड'वरच्या 'फॅट'ने त्याला पुन्हा उभे केले. १९८९चा 'यूएचएफ' हा त्याचा चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. त्याच नावाच्या अल्बममधल्या, डायर स्ट्रेट्स या गटाच्या 'मनी फॉर नथिंग'च्या विडंबनात मात्र त्या गटाच्या मार्क नॉफ्लरने स्वतः गिटार वाजवली आहे, कारण परवानगी देताना त्याची अटच तशी होती. मग १९९२ साली 'ऑफ द डीप एंड' आला. निर्व्हाना या रॉक गटाच्या गाण्यात शब्द मुळी कळतच नाहीत, या एकाच तक्रारीवर 'स्मेल्स लाइक निर्व्हाना' उभे आहे. गिटारच्या तुकड्याच्या जागी गुळण्या केल्याचा आवाज येतो, आणि मागे ड्रम आणि बेस मात्र मुळाइतकेच दणकट चालू असतात. मुखपृष्ठावर निर्व्हानाच्या अल्बमवरच्या, नोटेमागे पोहणाऱ्या बाळाच्या जागी पाण्यात उघडा अल आहे आणि नोटेच्या जागी दोरीला डोनट लावला आहे. निर्व्हानाचा गायक कर्ट कोबेन याने फोनवरच होकार दिला होता. या अल्बमपासून निर्मितीची धुरा अलने स्वतःकडे घेतली, आणि येथून पुढचा आवाज अधिक भरीव होत जातो.

परवानगीचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने मांडायला हवा, कारण अमेरिकेत विडंबनाला कायद्याचा बराच आधार आहे. १९९४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने टू लाइव्ह क्रू या गटाच्या खटल्यात, व्यापारी हेतूने केलेले विडंबनही कॉपीराइट कायद्यातल्या 'योग्य वापरा'च्या सवलतीत बसू शकते, असा निर्णय दिला. तरीही अल प्रत्येक वेळी मूळ कलावंताची संमती मागत आला आहे. प्रिन्सने कधीच होकार दिला नाही, म्हणून संचात प्रिन्सचे एकही विडंबन नाही. पॉल मॅकार्टनी शाकाहारी असल्याने 'चिकन पॉट पाय' या कोंबडीच्या खाद्यपदार्थावरचे गाणे राहून गेले. १९९६च्या 'अमिश पॅरडाइज'च्या वेळी गफलत झाली: मूळ गाण्याचा रॅपर कूलिओ याची संमती असल्याचे कंपनीकडून अलला कळले होते, प्रत्यक्षात कूलिओ उघडपणे नाराज झाला. नंतर दोघांत समेट झाला आणि आपण तेव्हा चुकलो, असे कूलिओने पुढे मोकळेपणाने सांगितले. २००६ साली इंग्लिश गायक जेम्स ब्लंटने आपल्या गाण्याच्या विडंबनाला होकार दिल्यावर त्याच्या कंपनीने नकार दिला, तेव्हा अलने 'यू आर पिटिफुल' हे गाणे अल्बममधून काढून सरळ इंटरनेटवर फुकट दिले. दुसऱ्याच्या कामावर विनोद करणारा माणूस त्या दुसऱ्याचा इतका मान ठेवतो, याचा परिणाम गाण्यांत ऐकू येतो. त्याच्या विडंबनांत मूळ गायकाविषयी विखार जवळजवळ कोठेच नाही.

उत्तरार्धातील अल्बमांत २००६चा 'स्ट्रेट आउटा लिनवूड' सर्वांत भक्कम आहे. त्यातल्या 'व्हाइट अँड नर्डी'तला वेगवान रॅप मूळ गायक कमिलिअनेअर यालाही आवडला, आणि या गाण्याने अल पहिल्यांदाच बिलबोर्डच्या पहिल्या दहांत, नवव्या क्रमांकावर पोहोचला. २०११चा 'अल्पोकॅलिप्स' मात्र विस्कळीत वाटतो. अपवाद 'क्रेगलिस्ट'चा, ज्यात डोअर्सच्या शैलीतल्या गाण्याला त्याच गटाच्या रे मॅन्झॅरेकने कीबोर्ड वाजवला आहे. २०१४चा 'मँडेटरी फन' हा चौदावा अल्बम निघाला तेव्हा अलने आठ दिवसांत आठ चित्रफिती प्रसिद्ध केल्या आणि अल्बम बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला; १९६३ साली अ‍ॅलन शर्मनला हा मान मिळाल्यापासून कोणत्याही विनोदी अल्बमला तो मिळाला नव्हता. कंपनीशी असलेला करार त्यावर संपला, म्हणून चौदा अल्बमांना 'संपूर्ण' म्हणण्यात अर्थ आहे.

तरी 'संपूर्ण काम' हे आवरणावरचे शब्द मला पूर्णपणे मान्य नाहीत. १९८८ साली इलेक्ट्रॉनिक संगीतकार वेंडी कार्लोससह केलेला 'पीटर अँड द वुल्फ' हा अल्बम या संचात नाही, आणि तो वगळल्याने अलच्या कामाची एक वेगळी बाजू दिसायची राहते. त्याहून मोठी उणीव चित्रफितींची आहे. 'फॅट'ला ग्रॅमी मिळाले तेच मुळी चित्रफितीसाठी, आणि 'स्मेल्स लाइक निर्व्हाना'ची निम्मी गंमत मूळ चित्रफितीशी जुळवून घेतलेल्या प्रत्येक चौकटीत आहे. इतक्या महागड्या आणि हौशी संचात त्यांच्यासाठी एक तबकडी द्यायला हरकत नव्हती. 'मीडियम रॅरिटीज' ही पंधरावी तबकडी संमिश्र आहे. बीटल्सच्या 'टॅक्समन'वरचे 'पॅक-मॅन' हे १९८१च्या सुमाराचे गाणे, १९९४चे 'हेडलाइन न्यूज' आणि वर सांगितलेले 'यू आर पिटिफुल' एका ठिकाणी मिळणे ही सोय आहे, पण उरलेल्यांतील काही गाणी केवळ संग्राहकांच्या कामाची आहेत.

ध्वनीवर नव्याने संस्कार केले आहेत आणि त्याचा लाभ डेरिंजरच्या काळातल्या सहा अल्बमांना अधिक झाला आहे, कारण स्टीव्ह जेचा बेस आता नीट सुटा ऐकू येतो. ज्यांना तबकड्या लावून बसण्याची खरोखर हौस आहे त्यांनी एलपीचा विचार करावा. इतरांना सीडीचा संच पुरेसा आहे, आणि खोक्याचे आकर्षण नसेल तर 'इन थ्री-डी', 'ऑफ द डीप एंड', 'पूडल हॅट' आणि 'स्ट्रेट आउटा लिनवूड' हे चार अल्बम सुटे घेऊन सुरुवात करणे शहाणपणाचे. संच घेतलाच, तर पहिल्या तबकडीपासून सुरुवात करू नये. आधी सगळ्या पोल्का ओळीने ऐकाव्यात आणि मग 'इन थ्री-डी'पासून क्रमाने पुढे जावे. पहिला अल्बम त्यानंतर ऐकला, तर त्या रिकाम्या खोक्यावरच्या ठोक्यांत पुढचा सगळा गट आधीच हजर आहे, हे सहज ओळखू येते.